लिलावाच्या नोटिशीपासून लक्झेंबर्गच्या निवाड्यापर्यंत

बार्सिलोना शहरातून १८८१ सालापासून निघणाऱ्या ‘ला वॅनग्वार्दिया’ या दैनिकाच्या १९ जानेवारी १९९८ च्या अंकात, आणि पुन्हा त्याच वर्षीच्या ९ मार्चच्या अंकात, स्थावर मिळकतींच्या जाहीर लिलावाची नोटीस छापून आली. सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीची थकबाकी वसूल करण्यासाठी जप्त केलेल्या मिळकतींची ती यादी होती. स्पेनच्या श्रम व सामाजिक व्यवहार मंत्रालयाच्या हुकुमावरून ती छापली गेली होती आणि लिलावास अधिकाधिक बोली लावणारे यावेत, एवढाच तिचा हेतू होता. त्या यादीत एका गृहस्थाचे नाव होते. पुढे युरोपातील सर्वोच्च न्यायासनापुढे जो वाद चालला आणि ज्याचे पडसाद दिल्ली, कोची व चेन्नई येथील न्यायालयांपर्यंत येऊन पोहोचले, त्या वादाचा उगम या काही ओळींत आहे. ते नाव विधिग्रंथांतून आता सर्वत्र छापले जाते. परंतु आपले नाव त्या थकबाकीशी जोडले जाऊ नये, एवढीच ज्याची मागणी होती, त्याचे नाव येथे पुन्हा लिहिण्याचे मला काही प्रयोजन दिसत नाही.

ही नोटीस प्रसिद्ध झाली तेव्हा गूगल ही कंपनी अस्तित्वातच नव्हती. तिची नोंदणी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात झाली. छापील वृत्तपत्राच्या काळात अशा नोटिशीचे आयुष्य किती असे, हे ज्याने मामलेदार कचेरीच्या फलकावर किंवा दैनिकाच्या आतल्या पानावर जप्तीचे जाहीरनामे वाचले आहेत त्यास सांगावयास नको. शेजारीपाजारी चार दिवस कुजबुजत, धनको महिनाभर सावध राहात, आणि मग तो अंक रद्दीत जाई. ग्रंथालयातील बांधीव खंडात त्याची एखादी प्रत उरली तरी ती पाहण्यासाठी कोणाला तरी तारीख ठाऊक असावी लागे, ग्रंथपालाकडे चिठ्ठी द्यावी लागे, धूळ झटकून पान अन् पान चाळावे लागे. माहिती जाहीर असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्यास जे श्रम पडत, त्या श्रमांचेच तिच्याभोवती एक कुंपण पडलेले होते. आणि ते कोणत्याही विधिमंडळाने घातलेले नसल्यामुळे ते नाहीसे झाले तेव्हा त्याची नोंद कोणत्याही विधिमंडळाने घेतली नाही.

२००८ साली या दैनिकाने आपले शंभराहून अधिक वर्षांचे जुने अंक संगणकावर आणून सर्वांस विनामूल्य खुले केले. इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाने ऋणी राहावे असे ते कार्य होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण या प्रकरणात कोणी दुष्ट मनुष्य शोधू गेल्यास तो सापडत नाही. मंत्रालयाने कायद्याप्रमाणे नोटीस दिली, दैनिकाने ती छापली, पुढे तिचे जतन केले, आणि शोधयंत्राने जे सर्वांच्या बाबतीत केले तेच या गृहस्थाच्याही बाबतीत केले. २००९ मध्ये त्यांनी स्वतःचे नाव शोधून पाहिले तेव्हा अकरा वर्षांपूर्वीची ती दोन पाने समोर आली. जप्तीचे प्रकरण केव्हाच निकालात निघाले होते. परंतु त्यांचे नाव टंकित करणाऱ्या प्रत्येक नव्या परिचिताला, प्रत्येक पक्षकाराला, ते अजूनही थकबाकीदार म्हणून दिसत होते.

त्यांनी दैनिकास पत्र लिहिले. दैनिकाने उत्तर दिले की, मजकूर सरकारी हुकुमाने छापला असल्यामुळे तो काढता येणार नाही. त्यांनी गूगलच्या स्पेनमधील शाखेस लिहिले. तिने त्यांना अमेरिकेतील मुख्य कंपनीकडे बोट दाखविले. ५ मार्च २०१० रोजी त्यांनी स्पेनच्या विदा-संरक्षण संस्थेकडे फिर्याद गुदरली, आणि त्याच वर्षीच्या ३० जुलै रोजी तिने जो निर्णय दिला तो या सर्व इतिहासाचा कणा आहे असे मी मानतो. दैनिकाविरुद्धची तक्रार संस्थेने फेटाळली, कारण नोटीस मंत्रालयाच्या हुकुमाने कायदेशीररीत्या छापलेली होती. गूगलविरुद्धची तक्रार मात्र मान्य केली, आणि त्या नावाने शोध घेणाऱ्यास ही दोन पाने दाखवू नयेत असा हुकूम दिला. म्हणजे दप्तर जसेच्या तसे राहावयाचे होते. ज्याला १९९८ सालच्या लिलावांचा अभ्यास करावयाचा आहे त्याला ते उघडे होते; केवळ एका माणसाच्या नावाच्या दारातून थेट त्या पानावर जाणारी वाट तेवढी बंद व्हावयाची होती. खाजगी जीवनाचा हक्क आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य यांचा तोल साधण्याच्या पुढील सगळ्या खटपटीत हा भेद जेथे जेथे पाळला गेला तेथे तेथे न्याय झाला, आणि जेथे तो सुटला तेथे दोहोंपैकी एकाची हानी झाली.

हा विचार स्पेनमध्ये रुजावा यास कारण होते. छत्तीस वर्षे फ्रँकोच्या अंमलाखाली राहिलेल्या त्या देशाने नागरिकांवर पाळत ठेवणारे सरकारही पाहिले होते आणि वृत्तपत्रांवरील अभ्यवेक्षणही पाहिले होते. म्हणूनच १९७५ मध्ये तो हुकूमशहा मरण पावल्यावर १९७८ साली जी राज्यघटना सिद्ध झाली तिच्या विसाव्या अनुच्छेदात अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आले, आणि अठराव्या अनुच्छेदात, जगात घरोघरी संगणक पोहोचण्यापूर्वीच, नागरिकांची प्रतिष्ठा व त्यांचे खाजगी जीवन सुरक्षित राहावे म्हणून संगणकीय तंत्राच्या वापरावर कायद्याने मर्यादा घालण्यात येईल असे वचन आले. ज्यांनी दोन्ही जखमा सोसल्या होत्या त्यांनी दोन्ही औषधे एकाच कुपीत ठेवली.

जर्मनीचा अनुभव याहून जुना होता. २० जानेवारी १९६९ च्या रात्री सारलांड प्रांतातील लेबाख गावाजवळच्या लष्करी दारूगोळ्याच्या कोठारावर हल्ला होऊन चार सैनिक मारले गेले. प्रमुख दोघांना जन्मठेप झाली. साहाय्य करणाऱ्या तिसऱ्यास सहा वर्षांची शिक्षा झाली. तो सुटण्याच्या बेतात असताना जर्मनीच्या दुसऱ्या दूरचित्रवाहिनीने त्या गुन्ह्यावर एक चित्रपट सिद्ध केला, ज्यात त्याचे नाव व छायाचित्र दाखविले जाणार होते. ५ जून १९७३ रोजी कार्ल्सरूह येथील संघीय घटना न्यायालयाने त्याच्या प्रक्षेपणास मनाई केली. गुन्हा ताजा असतो तेव्हा लोकांचा जाणण्याचा हक्क सामान्यतः वरचढ असतो; परंतु शिक्षा भोगून समाजात परत येऊ पाहणाऱ्या माणसाला त्याच्या अपराधाच्या खुंटीशी कायमचे बांधून ठेवण्याचा अधिकार वृत्तमाध्यमांस नाही, असा त्या निवाड्याचा आशय होता. न्यायालयाने तो गुन्हा सांगण्यास बंदी केली नव्हती, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १९९९ साली त्याच गुन्ह्यावरील दुसऱ्या एका चित्रपटास, ज्यात अपराध्यांची ओळख उघड होत नव्हती, याच न्यायालयाने मोकळीक दिली.

स्पेनच्या संस्थेच्या हुकुमास गूगलने माद्रिद येथील राष्ट्रीय न्यायालयात आव्हान दिले. त्या न्यायालयाने २०१२ च्या आरंभी युरोपीय कायद्याच्या अर्थासंबंधीचे प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायासनाकडे पाठविले. तेथे निवाड्यापूर्वी महाधिवक्त्याने आपले स्वतंत्र मत मांडण्याची प्रथा आहे. फिनलंडचे निलो यास्किनेन यांनी २५ जून २०१३ रोजी मांडलेले मत गूगलच्या बाजूचे होते, आणि ते आजही काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहे. विदा-संरक्षणाच्या ज्या युरोपीय निदेशाचा अर्थ लावावयाचा तो १९९५ सालचा, म्हणजे शोधयंत्रे घरोघरी पोहोचण्याच्या आधीचा; कायदेशीररीत्या प्रसिद्ध झालेली खरी माहिती केवळ ती संबंधित व्यक्तीस नकोशी वाटते म्हणून दडवावी असा हक्क त्यात नाही; आणि तो हक्क निर्माण केल्यास, कोणता मजकूर लोकांस दिसावा व कोणता न दिसावा हे ठरविण्याचे अभ्यवेक्षकाचे काम आपण खाजगी कंपनीच्या हाती सोपवू, अशी त्यांची भीती होती. ती भीती निराधार नव्हती.

१३ मे २०१४ रोजी न्यायासनाच्या विस्तारित पीठाने महाधिवक्त्याचा सल्ला बाजूस सारून निवाडा दिला. एखाद्याच्या नावाने शोध घेतला असता जी यादी समोर येते ती त्या माणसाच्या आयुष्याचे एक जुळविलेले चित्र असते. सुटी पाने वाचून ते चित्र कोणासही सहज रचता आले नसते, आणि म्हणून मूळ पान प्रसिद्ध करण्यापेक्षा ही यादी दाखविणे खाजगी जीवनावर अधिक खोल आघात करणारे ठरू शकते, हा त्यातील मुख्य युक्तिवाद होता. जी माहिती अपुरी आहे, गैरलागू आहे, काळाच्या ओघात गैरलागू झाली आहे किंवा प्रयोजनापेक्षा अधिक आहे, ती नावाच्या शोधातून काढून टाकण्याची मागणी नागरिक करू शकतो, मग ती खरी का असेना. मात्र तो मनुष्य सार्वजनिक जीवनात वावरणारा असेल तर लोकांचे हित त्याच्या मागणीवर मात करील. स्पेनच्या संस्थेने केलेला दप्तराचा व वाटेचा भेद अशा रीतीने युरोपचा कायदा झाला.

या निवाड्याचा मी समर्थक आहे. तथापि त्यात एक गंभीर न्यून राहिले, ते झाकण्यात अर्थ नाही. युरोपीय हक्कसनदेच्या सातव्या व आठव्या अनुच्छेदांचा, म्हणजे खाजगी जीवनाचा व व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा, त्यात विस्ताराने विचार झाला. अकराव्या अनुच्छेदाचा, ज्यात अभिव्यक्तीचे व माहिती मिळविण्याचे स्वातंत्र्य आहे, तसा विचार झाला नाही. तराजूच्या एका पारड्यात हक्क ठेवला गेला आणि दुसऱ्यात ‘वाचकांचे स्वारस्य’ एवढेच. आणि हक्क व स्वारस्य यांच्या झुंजीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. ज्या दैनिकाने तो मजकूर छापला त्याची कैफियत ऐकून घेण्याची सक्तीही निवाड्याने कोणावर केली नाही.

परिणाम लौकरच दिसले. मे महिना संपण्यापूर्वी गूगलने अर्जाचा नमुना खुला केला आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० अर्ज आले. ज्या कंपनीने हा अधिकार नाकारण्यासाठी चार वर्षे झगडा केला, तीच आता कोट्यवधी युरोपीय नागरिकांच्या भूतकाळावरील अव्वल न्यायाधीश बनली. तिच्या कचेरीत बसलेले कर्मचारी, ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत व ज्यांच्या निर्णयांची कारणे प्रसिद्ध होत नाहीत, ते एकामागून एक अर्ज निकालात काढू लागले. २०१७ च्या अखेरीपर्यंत २४ लाख पत्त्यांविषयी मागण्या आल्या आणि त्यांपैकी ४३ टक्के मान्य झाल्या. त्यांत बहुतेक सामान्य माणसे होती: जुन्या छळाच्या बातमीतील पीडिता, निर्दोष सुटलेला आरोपी, तारुण्यातील एखाद्या मूर्खपणाची शिक्षा चाळिशीत भोगणारा गृहस्थ. त्यांच्या दृष्टीने हा निवाडा म्हणजे दुसरा जन्मच होता.

परंतु २ जुलै २०१४ रोजी बीबीसीचे अर्थसंपादक रॉबर्ट पेस्टन यांना एक सूचना आली की, त्यांचा २००७ सालचा एक लेख यापुढे काही शोधांत दिसणार नाही. तो लेख मेरिल लिंच या बलाढ्य वित्तसंस्थेच्या प्रमुखाच्या गच्छंतीविषयी होता, आणि पुढल्याच वर्षी जगाला जे आर्थिक अरिष्ट भोगावे लागले त्याच्या इतिहासात त्याचे स्थान होते. स्वाभाविकच पेस्टन यांनी, आपणांस विस्मृतीत का लोटले, असा जाहीर सवाल केला. मागाहून असे दिसून आले की, त्या वित्तप्रमुखाच्या नावाने शोधल्यास लेख अजून सापडत होता. मागणी बहुधा लेखाखाली अभिप्राय नोंदविणाऱ्या कोणा वाचकाची असावी. म्हणजे भेद पाळला गेलाच होता. पण लेखकास कारण कळविले जात नव्हते आणि दाद मागण्यास जागा नव्हती, म्हणून न्याय होऊनही अन्यायाचा भास झाला. वृत्तपत्राला आपली बाजू मांडू देणे ही केवळ औपचारिकता नव्हे, हे या छोट्या घटनेने दाखवून दिले.

पुढील टप्पे थोडक्यात सांगतो. २५ मे २०१८ पासून अमलात आलेल्या युरोपच्या नव्या विदा-संरक्षण नियमावलीने सतराव्या अनुच्छेदात माहिती पुसून घेण्याचा हक्क लिहिला आणि त्याच अनुच्छेदात, २०१४ चे न्यून भरून काढीत, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अपवादही लिहिला. २४ सप्टेंबर २०१९ रोजी, फ्रान्सच्या नियामकाने मागितलेली जगभरची बंदी लक्झेंबर्गच्या न्यायासनाने नाकारून, युरोपीय कायद्यानुसार हे बंधन युरोपपुरते असल्याचे ठरविले. आणि ४ जुलै २०२३ रोजी स्ट्रासबुर्ग येथील मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने बारा विरुद्ध पाच मतांनी असा एक निकाल दिला, की जो मला आजही अस्वस्थ करतो. १९९४ सालच्या एका मोटार अपघाताचे वृत्त बेल्जियमच्या ‘ल स्वार’ या दैनिकाने चालकाच्या नावासह दिले होते. मद्य घेऊन गाडी चालविणारा तो चालक पुढे शिक्षा भोगून, न्यायालयाकडून पुनर्वसनाचा हुकूम मिळवून, समाजात परतला होता. बेल्जियन न्यायालयांनी दैनिकास आपल्या संकेतस्थळावरील जुन्या वृत्तातच त्याच्या नावाऐवजी ‘क्ष’ घालण्यास सांगितले, आणि स्ट्रासबुर्गने त्यास मान्यता दिली. छापील प्रत अबाधित राहिली, हे खरे. त्या चालकाविषयी मला सहानुभूतीही आहे. परंतु २०१० साली स्पेनच्या संस्थेने ज्या दप्तराला हात लावण्यास नकार दिला होता, त्याला तेरा वर्षांनी हात लागला. वाट बंद करून जे साधले असते ते दप्तर खोडून साधले गेले. आणि ज्या न्यायालयाचा शब्द युरोपच्या सेहेचाळीस राष्ट्रांत मानला जातो त्याने एकदा हे केल्यावर, अपघाताच्या चालकाला जे मिळाले ते उद्या लाचखोर मंत्री मागणार नाही, याची शाश्वती देणारे शब्द निकालपत्रात असले तरी मागणी करण्याचे धैर्य त्याला नक्कीच येईल.

आपल्या देशात या विचारास बळ आले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला तेव्हा. त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात घडलेले धनंजय चंद्रचूड होते. परंतु विस्मरणाच्या हक्काचा स्वतंत्र विचार संजय किशन कौल यांच्या निकालपत्रात आहे, आणि त्यांनी तो मांडतानाच अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य, सार्वजनिक हित, इतिहाससंशोधन यांचे अपवाद नोंदवून ठेवले. त्यानंतर उच्च न्यायालयांपुढे अर्जांची रीघ लागली. त्यांतील बरेचसे अर्जदार गुन्ह्याच्या आरोपातून निर्दोष सुटलेले असून, नोकरी देणारा प्रत्येक जण त्यांचे नाव शोधतो आणि निकालपत्रातील पहिली पाने, म्हणजे आरोपांची पाने, वाचून थांबतो, हे त्यांचे दुःख अस्सल आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत मद्रास उच्च न्यायालयाने अशा एकाच्या निकालपत्राचीच प्रत एका विधिविषयक संकेतस्थळावरून काढण्याचा हुकूम दिला; जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. न्यायालयाचे निकालपत्र ही न्यायदानाची सार्वजनिक नोंद आहे. ते नाहीसे होणे म्हणजे न्यायाधीशाने काय केले हे तपासण्याचा मार्गच नाहीसा होणे. अर्जदाराचे नाव झाकून निकालपत्र राखता येते, किंवा नावाच्या शोधातून ते वगळता येते, आणि स्पेनचा धडा तोच आहे.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा खरा संबंध मात्र दुसऱ्याच दिशेने आहे. केंद्राच्या कायद्याच्या तीन वर्षे आधी, २००२ साली, अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने महाराष्ट्राने आपला माहिती अधिकार कायदा केला होता. केंद्राचा २००५ चा कायदा आल्यावर, अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्यास मिळालेले ज्ञापन, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्तेचे तपशील, इतकेच काय मुलाच्या लग्नात स्वीकारलेले आहेर, यांची माहिती एका नागरिकाने मागितली. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती व्यक्तिगत ठरवून नाकारली, आणि तेव्हापासून तालुक्या-तालुक्यातील जनमाहिती अधिकारी या निकालाचा हवाला देऊन अर्ज परत पाठवू लागले. तरीही कायद्याच्या आठव्या कलमातील (ञ) या पोटकलमात दोन आधार शिल्लक होते: ज्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे ती केवळ व्यक्तिगत म्हणून नाकारता येत नसे, आणि जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती कोणाही व्यक्तीस नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. थकबाकीपायी लिलावाच्या यादीत नाव आलेला स्पेनचा नागरिक आणि जनतेच्या निधीवर देखरेख करणारा अधिकारी यांच्यातील अंतर या दोन वाक्यांनी सांभाळले होते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमाने नागरिकास आपली माहिती दुरुस्त वा नष्ट करून घेण्याचा हक्क दिला. तो स्वागतार्ह आहे. परंतु त्याच अधिनियमाच्या चव्वेचाळिसाव्या कलमाने माहिती अधिकाराच्या त्या पोटकलमातून हे दोन्ही आधार काढून टाकले आणि ‘व्यक्तिगत माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले तेव्हा ही दुरुस्ती अमलात आली. सार्वजनिक हित वरचढ असल्यास माहिती देता येईल ही त्याच आठव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमातील तरतूद कायम आहे, हे मान्य; पण ती अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेली आहे. शिवाय न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात, आणि पुढील वर्षीच्या विधेयकातही, पत्रकारितेसाठी जी सूट लिहिलेली होती ती अंतिम कायद्यात आढळत नाही. संपादकांच्या संघटनेने त्याविषयी वेळीच चिंता व्यक्त केली होती.

रोजगार हमीच्या हजेरीपटावरील नावे, शिधापत्रिकांच्या याद्या, पाणलोटाच्या कामांची बिले ज्याच्या सहीने निघाली तो अभियंता, यांपैकी एकही गोष्ट नावाशिवाय तपासता येत नाही. मेलेल्या मजुराच्या नावे हजेरी लागली आहे हे नाव वाचल्यावाचून गावाला कळणार कसे? म्हणून माझी मागणी अशी आहे की, २००५ च्या कायद्यातील ती दोन वाक्ये शब्दशः पुन्हा घातली जावीत, श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यातील पत्रकारितेची सूट अधिनियमात दाखल व्हावी, आणि नावाच्या शोधातून एखादे पान वगळण्याचा हुकूम देण्यापूर्वी ते प्रसिद्ध करणाऱ्या वृत्तपत्रास आपले म्हणणे मांडण्याची संधी देणे सक्तीचे व्हावे.